हात वर करणारे, मान खाली घालणारे



या जिल्हा बैठकीसमोर फरदडबंदीचा ठराव पुन्हा एकदा येतो आहे. ठराव चांगला आहे. त्याच्या बाजूने आम्ही बोलणार आहोत आणि मतही देणार आहोत. पण हाच ठराव एका गावात आमच्या डोळ्यांदेखत कसा राबवला गेला, हे आधी सांगितल्याशिवाय बोलायला उभे राहण्याचा आम्हाला अधिकार नाही. हिशेब जुना आहे आणि तो आमच्या खात्यावरचा आहे.

२०१७ चा हंगाम कोणी विसरलेले नाही. बोंडे वरून हिरवी, टणक, पाहून जीव सुखावावा अशी. आणि फोडली की आत गुलाबी अळी, कुजलेली सरकी आणि कवडी झालेला कापूस. त्याच वर्षी यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसे मेली, तीही आपलीच. महागडे बीटी बियाणे घेतलेल्याचे आणि साधे घेतलेल्याचे नुकसान सारखेच झाले, कारण अळीने त्या बीटीला दाद देणे केव्हाच सोडून दिले होते. ही अळी बोंडात शिरली की तिचे भोक बुजते आणि फवारा आत पोचत नाही. कापसाखेरीज दुसऱ्या पिकावर तिचे फारसे भागत नाही. म्हणजे मधले चार-पाच महिने शिवारात हिरवी पऱ्हाटीच नसली तर तिची पिढी तुटते. आणि कोणी पाणी देऊन फरदड उभी ठेवली, तर तिच्यासाठी तो उन्हाळ्याचा मुक्कामच होतो. तिथून उडालेला पतंग कोणाचा धुरा ओळखत नाही.

ज्वारीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. गावाने एका वाफशावर पेरणी केली तर खोडमाशी विभागली जाते. मागून पेरणाऱ्याच्या वाट्याला ती सगळीच येते. एकट्याचे शेत आधी दाण्यावर आले की साऱ्या शिवाराची पाखरे तिथेच उतरतात. किडीचा आणि पाखरांचा हिशेब गावकीचा आहे. त्याला सातबारा लागू पडत नाही.

म्हणून २०१८ च्या डिसेंबरात आमच्या भागातल्या एका गावात लिंबाच्या पारावर ठराव झाला: ३१ डिसेंबरच्या आत सगळ्यांनी पऱ्हाटी उपटायची, फरदड कोणी ठेवायची नाही. मसुदा आमच्याच हातचा. गावाने एकमुखाने हात वर केले. आम्ही खुशीत घरी आलो. शेतीची पदवी घेऊन वीस वर्षे झाली होती. गाव एकत्र येऊन किडीवर काही ठरवते आहे, हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

फेब्रुवारीत शिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा बैठक झाली. शिवारात एका ठिकाणी पऱ्हाटी उभी होती. अडीच एकर. मालकीण विधवा, एक मुलगा शिकायला बाहेर. शेजारच्या विहिरीवरून विकतचे पाणी घेऊन तिने फरदड राखली होती. एकाने तिचे नाव घेतले. दुसरा म्हणाला, "बाईमानसाले कोन सांगते!" तिसऱ्याने तिच्यावर एक विनोद केला. तो इथे छापण्याजोगा नाही. हशा पिकला. हसणाऱ्यांत अशी माणसे होती जी एरवी तिच्या दारावरून जाताना वहिनी म्हणून हाक मारत. मग कोणीतरी आमच्याकडे वळून विचारले, "सायेब, तुमीच सांगा, एका वावरात राह्यली तर गावाले धोका हाय का नाही?"

आम्ही शास्त्र सांगितले. धोका आहे, असे म्हणालो. ते खरेच होते. त्या एका खऱ्या वाक्याची काठी करून गावाने ती तिच्या पाठीत घातली.

ठरले असे: तिच्याकडे कोणी मजुरीला जायचे नाही, तिची गाडी कोणी पांदणीतून जाऊ द्यायची नाही, गिरणीवर तिचे दळण घ्यायचे नाही, दुकानातून उधार द्यायचे नाही. पुन्हा हात वर झाले, पुन्हा एकमुखाने. बाया पाराच्या कडेला बसल्या होत्या, त्यांना कोणी विचारले नाही. ती स्वतः तिथे नव्हतीच. तिला बोलवायचे कोणाच्या मनात आले नाही. आमच्याही नाही.

परत येताना मोटरसायकल कालव्याच्या रस्त्याने घातली, तेव्हा पलीकडच्या काठाला हिरवीगार फरदड दिसली. थोडीथोडकी नाही, सहज सात एकर. गावातल्या मोठ्या खटल्याची. अर्धे गाव ज्यांच्या ट्रॅक्टरवर नांगरते आणि ज्यांच्या उसनवारीवर पेरते, त्यांची. पारावर बसलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. पतंग त्या सात एकरांतूनही उडतच होते. पण ठरावाने त्या बाजूला मानही वळवली नव्हती.

मेंढरे आणि माणसे

हे गाव वाईट होते असे कोणी समजू नये. तसे असते तर लिहायची गरज नव्हती. आपण चांगली माणसे घोळक्यात अशी का वागतो, याचा शोध जगात काही लोकांनी नीट घेतला आहे.

सॉलोमन ॲश नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. काही माणसे एका खोलीत बसवली, त्यांना एक रेघ दाखवली आणि विचारले, या दुसऱ्या तीन रेघांपैकी हिच्याएवढी कोणती? शाळकरी पोरही चुकणार नाही इतका सोपा प्रश्न. पण त्या खोलीत एकच माणूस खरा होता, बाकीचे शिकवून ठेवलेले. ठरल्या वेळी ते सगळे धडधडीत चुकीचे उत्तर देत. अशा फेऱ्यांत त्या एकट्या माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरे डोळ्यांना दिसणारे सोडून घोळक्याच्या मागे गेली. घोळका मोठा असावा लागतो असेही नाही, तिघे पुरतात. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिले, की चूक झपाट्याने कमी होते. म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांत दोष नव्हता. चारचौघांत वेगळे दिसण्याची भीती होती. आणखी एक गोष्ट त्याने पाहिली: घोळक्यातला एकच जण जरी खरे बोलला, तरी त्या माणसाला बळ येते आणि तो आपले डोळे मानू लागतो. फक्त एक जण.

शाळेत एखाद्या पोराला सगळ्यांनी मिळून छळणे आपल्याला नवे नाही. नव्या पोराची टोपी उडवणारा एक असतो आणि हसणारी शाळा असते. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ साली बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. छळणारी मुले शंभरात आठ निघाली. त्यांना हाताशी मदत करणारी सात. पण हसून, टाळ्या देऊन चेव आणणारी वीस, आणि मान फिरवून बाजूला राहणारी चोवीस. वाचवायला पुढे जाणारी सतरा. हे आकडे वाचताना आम्ही पारावरची माणसे मोजत होतो. विनोद करणारा एक. हसणारे बरेच. आणि शास्त्र सांगून गप्प बसलेला, पदवीवाला, बाजूचा एक.

त्या देशाने पुढे शाळांमधून जो उपाय केला, त्याचा भर छळणाऱ्याला बडवण्यावर नाही, तर हसणाऱ्यांवर आणि पाहत बसणाऱ्यांवर आहे. हे आम्हाला पटते, कारण गुंड कोण हे गावाला ठाऊकच असते. त्याला गावाचे बळ कोण देते, तेच कोणी विचारत नाही.

बहिष्कार हे आपले जुने हत्यार

वाळीत टाकणे हे हत्यार फरदडीसाठी कोणी घडवलेले नाही. मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात लिहून ठेवले आहे की अस्पृश्याने आपला हक्क मागितला की गावातले सवर्ण त्याची जमीन काढून घेतात, काम बंद करतात, दुकान बंद करतात. कारण काय, तर चांगले कपडे घातले, जमीन विकत घेतली किंवा नवरदेव घोड्यावर बसवून रस्त्याने नेला. बाबासाहेबांनी पुढे गोलमेज परिषदेत मागणी केली की बहिष्कार हा गुन्हा ठरवा. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ ला गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी चांगलेच फटकारले. गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर आहे, आणि घटनेने गावाला नव्हे तर माणसाला घटक मानले याचे आपल्याला समाधान आहे, असा त्यांचा रोख होता. आपल्यापैकी पुष्कळांना ते भाषण झोंबते. आम्हालाही झोंबत असे. त्या फेब्रुवारीनंतर झोंबत नाही.

मुंबई राज्याने १९४९ साली समाजातून बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला, तो १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. मग महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो मुख्यतः जातपंचायतींना डोळ्यांसमोर ठेवून झाला. आमचा पार जातपंचायत नव्हता, हे खरे. पण दळण बंद, पांदण बंद, मजूर बंद ही सगळी भाषा तिथूनच आलेली आहे. ठरावाच्या विषयात शास्त्र होते. त्याची शिक्षा मात्र आम्ही जुन्या गावगाड्याकडून जशीच्या तशी उसनी आणली.

मग गावाने काही ठरवूच नये का? असा निष्कर्ष काढणे तहसीलदाराच्या सोयीचे आहे, आपल्या नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा आपल्याला माहीत आहे. आमच्या गावात आम्हीच सरकार म्हणणारे ते गाव. २००९ साली त्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाची जरी हरकत असली तरी विषय पुढच्या सभेत जातो. आधी अभ्यासगटात विषयाची चिरफाड होते, ग्रामसभा नंतर बसते. हे फार वेळखाऊ आहे असे आमचे कार्यकर्ते म्हणतात. आहेच. पण "एकमुखाने" या शब्दाचा अर्थ तिथे आणि आमच्या पारावर एक नव्हता. तिथे हरकत असलेला माणूस बोलेपर्यंत थांबतात. आमच्याकडे तो गप्प बसला की एकमत झाले असे धरतात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आयुष्यभर त्यांनी हेच शोधले की पाणी, कुरण, जंगल अशा सामाईक गोष्टी गावांनी शेकडो वर्षे कशा सांभाळल्या. जिथे टिकल्या तिथे नियम सगळ्यांना सारखे, राखणदार गावालाच जबाबदार आणि तंटा मिटवायची जागा हाकेच्या अंतरावर. आणि दंड लहान. पहिल्या चुकीला किरकोळ, पुन्हा केली तर वाढता. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया शहरात पाटपाण्याचे पंच आजही दर गुरुवारी दुपारी चर्चच्या दाराशी बसतात. सगळे काम तोंडी, वकील नाही, निवाडा तिथल्या तिथे. ज्याच्यावर तक्रार आहे त्याला समोर उभे राहून बोलता येते. शेतकऱ्यांनी निवडलेले शेतकरीच पंच असतात. पाणी चोरणाऱ्याचे दळण बंद करायची कल्पना त्यांना सुचलेली दिसत नाही.

आणि सामूहिक शिस्तीने ही अळी हटते, याचाही पुरावा आहे. पऱ्हाटी गाडण्याच्या ठरल्या तारखा, नपुंसक पतंग, बीटी आणि कामगंध सापळे, हे सगळे वर्षानुवर्षे एकत्र राबवून अमेरिकेने २०१८ साली गुलाबी बोंडअळी आपल्या कापूसपट्ट्यातून गेल्याचे जाहीर केले. (त्यांच्या एकेका शेतकऱ्याला आपले आख्खे शिवार लागते आणि वर सरकारची मदत असते, हे जाता जाता सांगून ठेवतो. नाहीतर उद्या कोणी साहेब येऊन तुलना करायला लागेल.)

गिरणीवाली म्हातारी

त्या गावातला बहिष्कार आम्ही मोडला नाही. तो मोडला गिरणीवाल्याच्या आईने. शिवरात्र होऊन चार-सहा दिवस झाले असतील. त्या बाईचे ज्वारीचे दळण मुलाने परत पाठवले, तेव्हा म्हातारीने ते रस्त्यावरून उचलून आत आणले आणि म्हणाली, "गिरनी माह्या नावावर हाय. कोनाचं दळन घ्याचं ते मी ठरवीन." बस्स, एवढेच. दुसऱ्या दिवशी दोन बाया हरभरा सोंगायला तिच्या वावरात गेल्या. होळीपर्यंत पांदणही मोकळी झाली. कोणी ठराव मागे घेतला नाही, कोणाला आठवतही नाही असे सगळे वागू लागले. ॲशने प्रयोगशाळेत पाहिलेला तो एक माणूस आमच्या गावात गिरणीवर बसलेला होता, आणि तिने ॲशचे नाव कधी ऐकलेले नव्हते.

आम्ही तिच्या, म्हणजे त्या विधवा बाईच्या घरी गेलो, ते त्यानंतर. तिने चहा केला. आम्ही बोंडअळीचे काही बोलायला लागलो, तशी ती म्हणाली, "भाऊ, अळीचं मले समजते. माह्या दोन बिघे कवडी झाले त्या साली. पन पैला वेचा कृषी केंद्राच्या उधारीत गेला, दुसरा गटाच्या हप्त्यात. पोराच्या फीले काय देऊ? फरदडीचे चार क्विंटल तेवढे माह्ये होते. हे मले पारावर कोनं इचारलं?"

कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर उत्तरही सापडले असते. पऱ्हाटी उपटायला मजुरी लागते, ती तिच्याकडे नव्हती. आठ-दहा जणांनी एक सकाळ दिली असती तर अडीच एकर मोकळे झाले असते. ओल शिल्लक होती, विहिरीचे दोन पाणी विकत मिळत होते, डिसेंबरातही उशिराचा हरभरा निघाला असता. हे सांगायला शेतीची पदवी लागते, आणि ती आमच्याजवळ होती. पारावर बसून धोका सांगण्याऐवजी आम्ही हे सांगायला हवे होते.

पुढच्या हंगामात त्याच गावात ठराव पुन्हा मांडला, पण रीत बदलली. हात वर करायचे नाहीत असे ठरले. प्रत्येकाला एक ज्वारीचा आणि एक तुरीचा दाणा दिला. मान्य असेल त्याने ज्वारी टाकायची, नसेल त्याने तूर. मडके आत, एकेकाने जायचे. बायांनी आधी. मडके पाटीवर उपडे केले तेव्हा तुरीचे दाणे चांगलेच निघाले. वर्षापूर्वी ज्या ठरावाला एकही विरोध नव्हता, त्यालाच! मग तूर टाकणारे कोण, हे न विचारता अडचणी काय, हे विचारले. कोणाला पऱ्हाटी जळणासाठी पाहिजे होती, कोणाला मजूर मिळत नव्हते, कोणाला रोकड. दोन बैठका गेल्या त्यात. शिवारफेरी मोठ्या खटल्याच्या वावरापासून सुरू करायची, असे म्हणणारा तरुण उठला तेव्हा पारावर शांतता पसरली. त्याच्या शेजारी आम्ही उभे राहिलो. मागच्या वर्षीची बाकी थोडी तरी फेडावी म्हणून. सात एकरांची फरदड त्या वर्षी राहिली नाही. खटल्याच्या मालकाने सगळ्यांसमोर एवढेच विचारले की उपटलेली पऱ्हाटी भुगा करायला यंत्र कधी येते.

तेव्हा या बैठकीत ठरावाला आमच्या काही दुरुस्त्या आहेत. ज्याची पऱ्हाटी तारखेनंतर उभी राहील, त्याच्या घरी आधी दोन माणसे जातील, त्यातले एक त्याने निवडलेले. अडचण ऐकून, जमेल ती मदत करून, तरीही उभी राहिली तर गावकरी स्वतः मजुरी देऊन उपटतील आणि तो खर्च त्याच्या नावे लिहिला जाईल. पुढच्या वर्षी पुन्हा केले तर एकरी दंड, मोठ्याला आणि लहानाला दर एकच. दळण, पाणी, पांदण, मजूर, दुकान आणि मयतीचे खांदे यांतले काहीही कोणाचेही, कशासाठीही बंद होणार नाही, हे ठरावातच लिहिलेले असेल. ज्याच्याबद्दल बोलायचे तो हजर असल्याशिवाय त्याचे नाव घेतले जाणार नाही.

धाक राहणार नाही, असे काही जण म्हणतील. म्हणू द्या, त्यांनी उभे राहून म्हणावे. ग्रामसभेला गणपूर्ती म्हणून मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतली कमी असेल ती संख्या लागते. आपल्या पारांवर तेवढी जमतच नाहीत, आणि तहकूब सभेत चार डोकी गावाच्या नावाने ठरवून मोकळी होतात. धाकाची भाषा बोलणाऱ्यांनी आधी ती शंभर माणसे, आणि त्यांच्याआधी महिलांची सभा, भरवून दाखवावी.

मतदान दुपारी जेवणानंतर आहे. मडके आणि दाणे आम्ही बरोबर आणले आहेत. ज्वारी आमच्या घरची आहे, तूर त्या बाईच्या वावरातली.